गणपती करून निघा, दिवाळी श्टुटगार्टला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांना श्टुटगार्टजवळच्या कंपनीत नोकरी लागली आहे, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्यावर. १ सप्टेंबरला हजर व्हायचं आहे. तुम्ही बँकेत नोकरी करता, मुलगी चार वर्षांची, सासूबाई मुलुंडच्या घरात एकट्या राहणार. सगळ्यांनी एकदमच जावं की मिस्टरांनी पुढे आणि तुम्ही दोघींनी सहा महिन्यांनी? पहिल्या काही महिन्यांत नेमकं काय करायचं? तुमच्या नोकरीचं काय? आणि सामानात काय न्यायचं?

मी दादरला बसून कंपन्यांच्या वतीने परदेशी जाणाऱ्या कुटुंबांची तयारी करून देते. त्यातली बरीचशी जर्मनीलाच जातात. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी मंडळीही विचारायला येऊ लागली आहेत. श्टुटगार्ट त्याच राज्याची राजधानी. मुंबईशी त्याचं भगिनी-शहराचं नातं १९६८ पासूनचं आहे, पण त्याने घरभाडं काही कमी होत नाही.

आधी वेळेचं बघू. एकदम जाऊ नका, सहा महिनेही थांबू नका. मिस्टरांना ऑगस्टच्या शेवटी जाऊ दे. तुम्ही गणपती करा, बँकेची नोटीस पूर्ण करा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघा. सासूबाई 'दिवाळी करून जा' म्हणतील. नम्रपणे नाही म्हणा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मुंबईहून थेट त्या अंधारात उतरलेली बाई पहिले आठ-दहा दिवस घराबाहेर पडत नाही आणि मग पडणं आणखी अवघड होतं. ऑक्टोबरात अजून पानं रंगलेली असतात, मुलगी बागेत खेळू शकते, रस्ते पायाखालचे होतात. शिवाय दिवाळी तिकडे असली की महाराष्ट्र मंडळाच्या फराळाला जाणं होतंच, आणि पहिल्या चार ओळखी बहुतेकांच्या तिथेच होतात.

व्हिसाचा अर्ज मात्र तिघांचा एकाच वेळी करा, तुमची प्रवासाची तारीख वेगळी लिहा. नवऱ्याकडे ब्लू कार्ड असेल तर बायकोला व्हिसासाठी जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नाही, आणि पोचल्यापासून नोकरी करायची पूर्ण मुभा असते. एजंटने 'विवाह प्रमाणपत्राला अपोस्टील', म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, 'करून देतो' म्हटलं तर पैसे देऊ नका. भारत अपोस्टीलच्या करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती, त्यामुळे आपला अपोस्टीलचा शिक्का जर्मन कचेरीत चालत नाही. तुम्हाला लागेल ते मूळ प्रमाणपत्र आणि शपथबद्ध अनुवादकाकडून केलेलं जर्मन भाषांतर. वाणिज्य दूतावासाने कागदांची पडताळणी मागितली तर ती त्यांच्याच मार्गाने होते.

आता मुख्य गोष्ट. जर्मनीत पहिले तीन महिने सगळं पत्त्यावर लटकलेलं असतं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. तिकडची आपली मंडळी त्याला सरळ आनमेल्डुंगच म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक फॉर्म लागतो, की ही माणसं अमुक तारखेपासून माझ्याकडे राहतात. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. नोंदणी झाली की टपालाने कराचा अकरा आकडी नंबर येतो. तो कंपनीला दिला की पगारातून योग्य कर कापला जातो. बराच काळ दिला नाही तर सगळ्यात वरच्या दराने कापतात. ते पैसे नंतर परत मिळतात, पण ज्या महिन्यांत डिपॉझिट भरायचं असतं नेमक्या त्याच महिन्यांत हातात नसतात. आरोग्य विम्याचं कार्ड, बँकेची कागदपत्रं, निवास परवान्याचं पत्र, मुलीच्या बालवाडीचं उत्तर, सगळं त्याच पत्त्यावर टपालाने येतं.

म्हणून पहिलं तात्पुरतं घर निवडताना मी लोकांना भाड्याआधी एकच गोष्ट विचारायला लावते: इथे आनमेल्डुंग करता येईल का? महिन्याच्या बोलीवर मिळणाऱ्या सजवलेल्या फ्लॅटमध्ये काही मालक हो म्हणतात, काही नाही. नाही म्हणणारा फ्लॅट दोनशे युरोने स्वस्त असला तरी घेऊ नका. मित्राच्या घरी 'चार आठवडे काढतो' हा मुंबईकराचा आवडता उपाय. मित्राच्या मालकाची लेखी हरकत नसेल तर तोही कुचकामी.

पत्त्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे पत्रपेटीवरचं नाव. तिथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, कारण बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पेटीवर आडनाव नसेल तर पत्र परत जातं. आपल्याकडे यात खास मराठी घोळ होतो. तुमच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल, मिस्टरांच्या पासपोर्टवर त्यांचं, तर पेटीवर दोन्ही आडनावं लावा. शिवाय आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात नवऱ्याचं किंवा वडिलांचं नावही जोडलेलं असतं, आणि तिकडची यंत्रणा जसंच्या तसं सगळं उचलते. नोकरीच्या करारावर एक नाव, व्हिसावर दुसरं आणि बँकेत तिसरं असं होऊ देऊ नका. पासपोर्टवर जे आहे तेच अक्षरन् अक्षर सगळीकडे. विवाह प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नसेल तर ते मुंबईतच निस्तरा. इथे चार चकरा पडतील. तिथून ते करायला सहा महिने कमी पडतात.

कायमचं घर शोधायला मिस्टरांचे सहा आठवडे पुरतील असं नाही. श्टुटगार्ट खोऱ्यात वसलेलं, भोवती टेकड्या, मोटारींचे मोठे कारखाने, घरं कमी. जाहिरातीत दोन भाडी दिसतील. काल्ट म्हणजे नुसतं घराचं, वार्म म्हणजे पाणी, हीटिंग, इमारतीचा खर्च धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा त्यातही नसतं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकं घेता येतं, आणि कायद्याने ते तीन हप्त्यांत द्यायची मुभा आहे. काल्ट भाडं १,३०० युरो असेल तर डिपॉझिट ३,९०० पर्यंत. बरेच मालक एकदम मागतात. मागितलं म्हणून घाबरून जाऊ नका, हप्त्यांचं बोला. रिकामं घर म्हणजे खरोखरच रिकामं, कित्येकदा ओटा, सिंक, कपाटंही नाहीत, आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर उचलून घेऊन गेलेला असतो. जाहिरातीत स्वयंपाकघर आहे का, हे वाचल्याशिवाय बघायलाही जाऊ नका.

आणि एक फसवणूक दरवर्षी आपल्यातल्या कुणाला तरी गाठते. सुंदर फ्लॅट, भाडं कमी, मालक 'सध्या दुसऱ्या देशात' असतो, चावी कुरियरने पाठवतो, आधी डिपॉझिट भरा म्हणतो. मुलुंडच्या सोफ्यावर बसून असे पैसे भरणारी माणसं शिकलेलीच असतात. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि मालकाला किंवा त्याच्या माणसाला भेटल्याशिवाय एक युरोही नाही.

विम्याबाबत पहिल्याच आठवड्यात निर्णय मागतील. सरकारी पद्धतीच्या विम्यात नवरा पगारातून हप्ता भरतो आणि कमाई नसलेली बायको आणि मूल वेगळे पैसे न भरता त्याच छत्राखाली येतात. पगार एका मर्यादेच्या वर असेल (२०२५ मध्ये ती वर्षाला ७३,८०० युरो होती, २०२६ मध्ये ७७,४००) तर खासगी विमाही निवडता येतो. दलाल तरुण माणसाला खासगीचा हप्ता कमी दाखवून मोहात पाडतात. पण तिथे बायकोचा हप्ता वेगळा, मुलीचा वेगळा, आणि वय वाढलं की परतीची वाट अरुंद होत जाते, पंचावन्नच्या पुढे तर जवळजवळ बंदच. तुमच्यासारख्या कुटुंबाने सरकारीच घ्यावा, यात मला दुमत दिसत नाही. सोबत हाफ्टफ्लिष्ट नावाचा जबाबदारीचा विमा काढा. मुलीने सायकलने कुणाच्या गाडीला ओरखडा काढला तर तो कामाला येतो, आणि वर्षाकाठी त्याचा खर्च फारसा नसतो.

तुम्ही पोचून नोंदणी केलीत की मिस्टरांचा कर वर्ग बदलून घ्यायला विसरू नका. ते एकटे असेपर्यंत पहिल्या वर्गात असतात. बायको जर्मनीत राहायला आली की लग्नाच्या जोडप्याचे वर्ग लागू होतात. तुमची कमाई नसेल तेव्हा त्यांनी तिसरा आणि तुम्ही पाचवा घेतला तर महिन्याला हातात येणारा पगार बराच वाढतो. पुढे तुम्ही नोकरीला लागलात की दोघांनी चौथ्यात जायचं का, ते तेव्हा बघा. मुलीसाठी किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, मिळतो, २०२६ पासून महिन्याला २५९ युरो. अर्ज उशिरा केलात तर मागचे फक्त सहा महिनेच मिळतात, म्हणून ऑक्टोबरातच करून टाका.

पहिल्या महिन्यात एक पत्र येईल, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, घरटी महिन्याला १८.३६ युरो. आमच्याकडे टीव्हीच नाही, असं म्हणून ते कचऱ्यात टाकणारे बरेच असतात. टीव्ही असो नसो, ती भरावीच लागते, आणि दुर्लक्ष केलं की दंडासकट पाठलाग सुरू होतो. एकूणच तिकडे पत्राला पत्राने आणि मुदतीत उत्तर द्यायचं असतं. दोन भोकांची एक जाड फाइल घ्या, प्रत्येक कागद तारखेने लावा. फोनवर भाषांतराचं अॅप आहे, पण मुदतीची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी शोधा. निवास परवान्याच्या कचेरीत वेळ, म्हणजे टर्मिन, मोठ्या शहरांत लवकर मिळत नाही. व्हिसावरची शेवटची तारीख संपण्याआधी तुमचा अर्ज त्यांच्याकडे गेलेला असला पाहिजे आणि त्याची पोच तुमच्याकडे पाहिजे; तेवढं असलं की कार्ड हातात यायला उशीर झाला तरी तुमचा निवास बेकायदा ठरत नाही.

मुलीचं बघू. तीन वर्षांपुढच्या मुलाला बालवाडीत, तिकडच्या भाषेत कीटात, जागा मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. हक्क असला तरी जागा रिकामी असेलच असं नाही, तेव्हा मिस्टरांनी पत्ता नोंदवला त्याच आठवड्यात मुलीचं नाव शहराच्या यादीत घालायचं, आणि धर्मादाय व चर्चच्या कीटांनाही स्वतंत्रपणे लिहायचं. गोवराच्या लसीच्या दोन मात्रांचा पुरावा दिल्याशिवाय कीटात घेत नाहीत. हा कायदा २०२० पासून आहे. आपल्या डॉक्टरांकडच्या कार्डावर तारखा पेन्सिलीने, कधी नुसता शिक्का असतो. लसीचं नाव, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असं इंग्रजीत लेटरहेडवर लिहून घ्या.

जागा मिळाली की रुळवण्याचा काळ सुरू होतो. पहिले काही दिवस आई तिथेच वर्गात बसते, मग अर्धा तास बाहेर जाते, मग एक तास. मूल तयार होईल तसं वाढवत नेतात. याला दोन आठवडे लागतात, कधी चारसुद्धा. आपल्याकडे गेटपाशी रडतं मूल सोपवून पळायची सवय, त्यामुळे आयांना हे वेळखाऊ वाटतं. मला विचाराल तर तिकडच्या सगळ्या पद्धतींतली ही सगळ्यात शहाणी पद्धत आहे. मात्र त्या आठवड्यांत तुम्हाला दुसरं काही करता येणार नाही, हे धरूनच नोकरीचा विचार करा. मुलगी कीटात काही आठवडे, कदाचित काही महिने, एक शब्दही बोलणार नाही. ऐकत असते. तिला सोपं जावं म्हणून घरात इंग्रजी सुरू करू नका. घरात मराठीच, भरपूर, गोष्टींसकट. जर्मन ती कीटातून आणेल, आणि पुढच्या उन्हाळ्यात तुमचे उच्चार सुधारत बसेल.

आता तुम्ही. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पक्की बघितली आहे: नोकरीसाठी गेलेला माणूस आपसूक रुळतो. त्याला सकाळी जायला जागा असते, नाव माहीत असलेले सहकारी असतात, कँटीन असतं. कुटुंब परत येतं ते बहुतेक वेळा त्याच्यासोबत गेलेल्या माणसाला दिवस खायला उठतो म्हणून. आणि ते पहिल्या महिन्यात होत नाही. पहिल्या महिन्यात टर्मिन, फॉर्म, फर्निचर यांची धावपळ असते, थकून झोप लागते. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी कामं संपतात, नवरा साडेसातला निघतो, मुलगी कीटात, बाहेर पाऊस, आणि आपण कालपर्यंत बँकेत शाखेचं टार्गेट सांभाळत होतो हे आठवतं. ही मरगळ येणार हे दोघांनाही आधी माहीत हवं. तुमच्या मिस्टरांना हा परिच्छेद वाचून दाखवा. त्या दिवसांत 'तुला काय कमी आहे इथे' हे वाक्य घरात उच्चारलं जाऊ नये.

त्यावर माझा उपाय जुनाच आहे. तुम्ही जाण्याआधीच तुमच्या नावाने काहीतरी सुरू झालेलं असावं. जूनपासून काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा त्यांच्या ऑनलाइन वर्गात जर्मनची पहिली पातळी, ए-१, करा, जमलं तर पुढची ए-२. तुम्हाला अट नाही म्हणून टाळू नका. अट नसलेल्याच बायका तिकडे भाषेवाचून दोन-दोन वर्षं बसून राहिलेल्या मी बघितल्या आहेत. तिथे पोचल्यावर सरकारी अनुदानाच्या इंटिग्रेशन कोर्सची चौकशी करा, ६०० तास भाषेचे आणि १०० तास तिकडचा कायदा, इतिहास, समाजाचे. तुम्ही कुटुंबासोबतच्या परवान्यावर असल्यामुळे त्यात बसता. लक्ष्य त्यापुढच्या बी-१ पातळीचं ठेवा. बँकेतली नोकरी जर्मनशिवाय मिळणं कठीण आहे, खोटी आशा दाखवत नाही. पण मोठ्या कंपन्यांच्या हिशेब, वसुली, नियमपालन अशा विभागांत इंग्रजी चालतं, आणि तुमचा अनुभव तिथे मोजला जातो. बी-१चा आणखी एक फायदा: ब्लू कार्डवाल्याला कायम निवासासाठी २७ महिने लागतात, त्याच्याकडे बी-१ असेल तर २१. म्हणजे संध्याकाळचा अभ्यास मिस्टरांनीही करायचा. तुम्ही शिकणार आणि ते ऑफिसात इंग्रजीवर भागवणार, ही वाटणी मला मान्य नाही.

बँकेत बिनपगारी दीर्घ रजेची सोय असेल तर राजीनाम्याआधी ती मागून बघा. मिळाली तर वापरालच असं नाही, पण खिशात असली की पहिला हिवाळा हलका जातो.

शेजाऱ्यांबद्दल. श्टुटगार्टच्या भागात केरवोखं नावाची प्रथा आहे. आठवड्याची पाळी येते, दाराला पाटी लटकते, आणि त्या आठवड्यात जिना झाडून-पुसून काढायचा. मोठ्या पाळीत तळघर, अंगण आणि बर्फ पडला तर फुटपाथही. आपल्याकडे सोसायटीचा माणूस जिना पुसतो आणि आपण फक्त तक्रार करतो, त्यामुळे पहिल्यांदा हसू येतं. हसा, पण शनिवारच्या आत करून टाका. जिना नीट पुसलेल्या कुटुंबाशी वरची आजीबाई स्वतःहून बोलायला येते. मी पाठवलेल्या कितीतरी जणींची पहिली जर्मन ओळख जिन्यातच झाली आहे. रविवारी दुकानं बंद, ड्रिलिंग बंद, रात्री दहानंतर आवाज बंद. रविवारी सकाळी इडलीचं पीठ मिक्सरवर फिरवलं म्हणून कुणी पोलिस बोलावत नाही, तरी शनिवारीच वाटून ठेवा. फोडणी देताना खिडकी उघडा आणि त्यानंतर दिवसातून दोन-तीनदा घर हवेशीर करा, हिवाळ्यातसुद्धा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड. नाहीतर भिंतीला बुरशी धरते, आणि बुरशीचा खर्च घर सोडताना डिपॉझिटमधून मागतात.

लोकांची अर्धी झोप तिकडच्या कारणांनी उडते, अर्धी मुंबईच्या. तुमच्या बाबतीत सासूबाई. त्यांच्या घराची एक चावी शेजारी, एक जवळच्या नातेवाइकाकडे. डॉक्टर, केमिस्ट, गॅस, लिफ्टवाला, सोसायटीचे सेक्रेटरी असे नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर. मेडिक्लेमची कॅशलेस कार्डं कुठे आहेत ते शेजारच्यांनाही माहीत असू दे. रात्री-अपरात्री त्यांना इस्पितळात कोण नेणार, हा प्रश्न आजच एका माणसाला स्पष्ट विचारा आणि त्याचं स्पष्ट 'हो' घ्या. 'आहेत की सगळे' हे उत्तर धरू नका. फ्लॅट मिस्टरांच्या नावावर असेल तर सोसायटीत नॉमिनेशन तपासा आणि भावाच्या किंवा विश्वासातल्या माणसाच्या नावे मर्यादित कामांपुरतं कुलमुखत्यारपत्र जाण्याआधीच करून ठेवा. नंतर करायचं तर श्टुटगार्टहून म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जावं लागतं, आणि तो कागद मुंबईत आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो.

फोनची वेळ ठरवून टाका. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन. तिकडे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा मुलुंडला साडेनऊ, जेवणं झालेली असतात. ती वेळ चांगली. दिवसभर व्हिडिओ कॉल चालू ठेवून स्वयंपाक करणाऱ्या मुली मला दिसतात. त्यांचं शरीर श्टुटगार्टला आणि कान मुलुंडला असतात. रोज वीस मिनिटं, आणि रविवारी मनसोक्त. मे महिन्यात सासूबाईंना बोलवा. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. त्यांना आताच सांगून ठेवलंत तर निरोप देणं सोपं जाईल.

पैशांचं झरझर सांगते. मिस्टर नोकरीसाठी कायमचे बाहेर गेले की त्यांचं साधं बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या पैशांच्या खात्यात, बदलावं लागतं, आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई हे वेगळं अनिवासी खातं उघडायचं. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो, पुढे वाढवता येत नाही. ते ऑगस्टअखेर गेल्यामुळे त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहतील आणि करासाठी अनिवासी ठरतील. तुम्ही ऑक्टोबरात गेलात तर त्या वर्षापुरत्या निवासीच राहाल. त्याने नुकसान काही नाही, फक्त विवरणपत्रं दोघांची वेगळ्या पद्धतीने भरा. भारतातलं सिम चालू ठेवा, दोघांचंही, आणि निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, आणि रिचार्ज न करता नंबर पडून राहिला तर तो दुसऱ्याला दिला जातो. वाहन परवाना आपला तिथे सहा महिनेच चालतो, मग दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पहिल्या वर्षी गाडीचा विचार करू नका. डॉइचलांडटिकिट हा महिन्याचा पास २०२६ पासून ६३ युरोला आहे आणि त्यावर देशभरच्या लोकल, ट्राम, बस सगळं फिरता येतं. नको असेल त्या महिन्याआधी, मागच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द करायचं, एवढं लक्षात ठेवा.

राहिलं सामान. सासूबाईंचं कढवलेलं तूप, पेढे, श्रीखंड घरीच ठेवा. भारतातून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप तिथल्या बिनमिठाच्या लोण्याचं फार छान होतं. गंमत म्हणजे सुकट आणि सुके बोंबील चालतात, माणशी २० किलोपर्यंत. वासाची परवानगी मात्र शेजाऱ्यांकडून घ्यावी लागेल. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आंबे नकोत, त्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं; नारळाला लागत नाही. सुकं खोबरं ज्वलनशील धरतात, त्यामुळे विमानतळावर अडतं. वाटणाचा मसालाच घरून भाजून-कुटून न्या. गोडा मसाला, मालवणी मसाला, कोकम, थोडे पोहे एवढं पुरे. बाकी डाळी, पीठ, साबुदाणा तिथल्या भारतीय दुकानांत मिळतं, कोथिंबीर आणि भेंडी तुर्की दुकानात. मिक्सर आणि कुकर जरूर न्या. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त पिन बदलायचा अडॅप्टर लागतो. मुलीचे गमबूट आणि पावसाळी पँट तिथेच घ्या, कीटात ते पहिल्या दिवसापासून मागतात आणि इथे तसे मिळत नाहीत. मूळ कागद, भाषांतरं, लसीकरणाचं पत्र, दातांची आणि औषधांची फाइल हातातल्या बॅगेत, आणि त्या सगळ्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती दोघांच्याही ईमेलवर.